एकतिसाव्या लाइनवरचा ड्रम

“तुमच्या यंत्राला जमिनीखालचं लोखंड दिसतं, हे खरं का?”

ग्वेनबाईंनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून बुटांत शिरलेली कुसळं काढत होते. ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तरेला, डार्विनपासून पाच तासांच्या कच्च्या रस्त्यावर त्यांचं ‘ब्रोल्गा वेल’ नावाचं गुरांचं रान होतं. तिकडे अशा रानाला स्टेशन म्हणतात. नव्वद किलोमीटरपर्यंत दुसरं घर नव्हतं. एका खाण कंपनीसाठी आम्ही तिथे मँगनीज शोधत होतो. साल २००७, ऑक्टोबर. मी तेवीस वर्षांची होते आणि भूभौतिकीत एम.एस्सी. होऊन मला आठ महिने झाले होते.

“दिसत नाही,” मी म्हणाले. “पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र असतं. लोखंडामुळे त्यात जो फरक पडतो, तो आम्ही मोजतो.”

“म्हणजे दिसतं.”

“तसं नाही, म्हणजे...”

“अगो, हो म्हण नि मोकळी हो,” आरोंदेकर काका मागून मराठीत म्हणाले. “चहा निवतोय.”

काका मूळचे सावंतवाडीचे, वीस वर्षं डार्विनमध्ये राहिलेले. यंत्र पाठीवर घेऊन चालायचं काम त्यांचं, नोंदी ठेवायचं माझं. यंत्र घेऊन चालणाऱ्याच्या अंगावर लोखंडाचा कण चालत नाही, म्हणून काका चेनऐवजी नाडीची पँट घालत. बूट नुसत्या चामड्याचे, चष्मा प्लास्टिकचा. “देवळात जाताना मी एवढा सोवळ्यात नसतो,” असं ते रोज सकाळी नाडी बांधताना म्हणत.

ग्वेनबाईंनी चहाच्या कपाशेजारी एक फोटो ठेवला. विमानाच्या पंखावर कोपर टेकून उभा असलेला, कान बाहेर आलेला एक मुलगा.

“कीथ. माझा भाऊ. वीस वर्षांचा होता. मी सोळा.”

मग त्यांनी सांगितलं. १९४३ साली जपानी विमानं डार्विनवर बॉम्ब टाकायला येत, आणि कीथ त्यांना अडवणाऱ्या लढाऊ तुकडीत होता. एका सकाळी तो वर गेला आणि परत आला नाही. त्याच्या विमानातून धूर निघताना सोबत्यांनी पाहिला होता. खाली ढग होते, ढगांखाली समुद्र. सरकारी कागदावर ‘समुद्रात पडले’ अशी नोंद झाली.

“त्या ढगांत तो वळला असणार,” ग्वेनबाई म्हणाल्या. “घरापासून तीन मैलांवर आमचं सपाट मैदान होतं. टपालाचं विमान तिथेच उतरायचं. कीथ त्या मैदानावर घोडेस्वारी शिकला. जखमी जनावर कुठे जातं? घरी.”

“तुम्ही कुणाला सांगितलं नाही?”

“सांगितलं की. चौसष्ट वर्षं सांगतेय. बहीण आहे, बोलणारच, असं म्हणतात.”

त्या ऐंशी वर्षांच्या होत्या. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि ॲडलेडला राहणारी त्यांची मुलगी पॉलीन स्टेशन विकून आपल्याकडे ये म्हणून मागे लागली होती. गिऱ्हाईक ठरलं होतं. कागद कपाटावर होते, सही व्हायची बाकी होती. घरामागे एक जुनं चिंचेचं झाड होतं. त्याखाली ग्वेनबाईंचे वडील, आई आणि नवरा यांच्या कबरी होत्या आणि शेजारी पांढरे दगड लावून आखलेल्या दोन रिकाम्या जागा.

“एक त्याची, एक माझी,” त्या म्हणाल्या. “पॉलीनला मी सांगितलंय, कीथ या जमिनीत असेल तर मी इथून हलणार नाही. आणि नसेल, तर तू म्हणशील तिथे येईन. आता तुझं यंत्र काय म्हणतं ते सांग.”

मला त्या वेळी जे वाटलं त्याला दया म्हणता येणार नाही. मला हे गणित आवडलं होतं.

“विमान ॲल्युमिनियमचं असतं, ते यंत्राला कळत नाही,” मी म्हणाले. “पण इंजिनाचा दांडा पोलादाचा, तोफा पोलादाच्या. ते कळेल. फक्त कुठे चालायचं ते कळायला हवं. अख्खं स्टेशन चालायला मला चाळीस वर्षं लागतील.”

“मग मॉरिसशी बोल,” ग्वेनबाई म्हणाल्या. “त्याच्या आईने पाहिलंय.”

मॉरिस त्याच भूमीच्या आदिवासी लोकांपैकी. साठीचा, घोडे सांभाळणारा, जन्म याच स्टेशनवरचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला घराजवळच्या पाणथळीवर घेऊन गेला. कमळांनी पाणी झाकलं होतं.

“माझी आई इथे बसली होती. कमळाचे कंद काढत होती,” तो म्हणाला. “त्या डोंगराला खाच आहे ना, तिच्या बरोबर खाली तिला उजेड दिसला. मग धूर. मग आवाज.”

मी वही काढली. “आईचं नाव काय?”

मॉरिसने माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही.

“गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही. ‘माझी आई’ एवढं पुरे.”

“माफ करा.”

“मिस ग्वेन घेते तिच्या भावाचं नाव. रोज घेते. तिची रीत वेगळी.”

मी वहीत ‘साक्षीदार १’ असं लिहिलं. मग विचारलं, “उजेड दिसल्यावर आवाज किती वेळाने आला?”

“तेच तर. कुणी विचारलंच नाही. लष्कराने आमच्या लोकांना ट्रकमध्ये भरून लांबच्या छावणीत नेलं. आई परत आली तेव्हा लढाई संपली होती. तिने मोठ्या मालकाला, मिस ग्वेनच्या वडलांना सांगितलं. तो घोडा घेऊन गेला. पावसाचे दिवस, डोक्याच्या वर गवत, सगळा काळा चिखल. काही सापडलं नाही.”

“पण किती वेळाने?”

मॉरिस पाण्याच्या कडेला उकिडवा बसला. त्याने एक न दिसणारा कंद चिखलातून उपटला, पाण्यात दोनदा हलवला, अंगठ्याने माती काढली, शेंडा मोडला, बाजूला, जणू झाडाच्या सालीच्या परातीत, ठेवला आणि मान वर केली.

“आता आवाज.”

ही गोष्ट त्याच्या आईने त्याला शब्दांत सांगितलीच नव्हती, हातांनी सांगितली होती. तिने दरवेळी तसंच करून दाखवलं होतं आणि तो तसंच करत आला होता. मी त्याला आणखी दोनदा करायला लावलं आणि घड्याळ लावलं. अकरा सेकंद, बारा, अकरा. गरम हवेत आवाज सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर जातो. म्हणजे चार किलोमीटर.

नकाशावर मी पाणथळीपासून डोंगराच्या खाचेकडे रेघ ओढली आणि तिच्यावर चार किलोमीटर मोजले. पेन्सिलचं टोक टपालाच्या मैदानाच्या जरा अलीकडे, पुराचं पाणी पसरतं त्या काळ्या जमिनीवर टेकलं. तो धावपट्टीच्या इतका जवळ आला होता.

ग्वेनबाईंनी नकाशा पाहिला आणि त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

“कंपनीचं यंत्र, कंपनीचं पेट्रोल आणि आपली सुट्टी,” काका म्हणाले. “ढोमणे मॅडम, या पुण्याचा हिशेब कोण ठेवणार?”

“काका, दोनच दिवस.”

“अगो, मी नाही म्हटलंय का? पण एक ध्यानात ठेव. यंत्र एवढंच सांगतं की तिथे काहीतरी आहे. काय आहे, ते पायांनी जाऊन बघायचं.”

आम्ही एक किलोमीटर लांबीच्या चाळीस लाइन आखल्या, पंचवीस-पंचवीस मीटरांवर. दोन दिवस काका माणसाच्या उंचीच्या गवतातून चालले. एक्केचाळीस डिग्री तापमान होतं. “अकोल्याच्या मुलीला एक्केचाळीसचं काय सांगता?” असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणत होते, सावलीत बसून. दुसऱ्या संध्याकाळी काकांच्या दोन्ही टाचा सोलून निघाल्या आणि माझ्या हातात चौदा टोकं आली. टोक म्हणजे आलेखाची रेघ जिथे एकदम वर उडी मारते ती जागा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच जीप घेऊन ती तपासायला निघाले. नोंदवहीत रकाने होते: लाइन, अंतर, प्रत्यक्ष पाहिलं का, काय आढळलं. पहिलं टोक म्हणजे इंधनाचा रिकामा ड्रम. दुसरा ड्रम. तिसरं, ट्रकचा आस. मग ड्रम, ड्रम, ड्रम. एक लोखंडी पलंग, चक्क चारही पाय वर करून पडलेला. पुन्हा ड्रम. स्टेशनवाल्यांनी पन्नास वर्षं जिथे रिकामा होईल तिथे ड्रम टाकून दिला होता आणि पुराने ते इकडून तिकडे नेले होते. प्रत्येक ठिकाणी जाण्यापूर्वी छातीत धडधडत होतं. बाराव्यानंतर धडधड थांबली. तेरावाही ड्रमच होता.

दुपारचा एक वाजला होता. चौदावं टोक एकतिसाव्या लाइनवर होतं. जीप जाऊ शकत होती तिथपासून सातशे मीटर आत, गवतातून. दोन वाजता आम्ही डार्विनला निघणार होतो. त्या आठवड्यात मला एका जर्मन विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीचा निकाल मेलवर येणार होता आणि स्टेशनवर इंटरनेट नव्हतं. मी जीपच्या सावलीत बसून पाणी प्यायले. सातशे मीटर जायचे, सातशे यायचे. तेरापैकी तेरा भंगार निघालं होतं.

मी ‘प्रत्यक्ष पाहिलं का’ या रकान्यात बरोबरची खूण केली. पुढे लिहिलं, ‘ड्रम, रिकामा, गंजलेला.’

घरी पोचले तेव्हा काका टाचांना तेल लावत बसले होते.

“सगळी चौदा?”

“सगळी.”

“काय?”

“ड्रम.”

“अरेरे,” ते म्हणाले आणि तेलाची बाटली बाजूला ठेवली. “आता त्या म्हातारीला तू सांग. मला नाही जमणार.”

ग्वेनबाई स्वयंपाकघरात वाट पाहत होत्या. त्यांनी स्वच्छ ब्लाउज घातला होता आणि केस विंचरले होते. कीथचा फोटो टेबलावर होता. मॉरिस दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता.

मी नोंदवही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. एकेक ओळ वाचून दाखवली. पलंगाचं वाचताच त्या हसल्या.

“तो आमच्या जुन्या स्वयंपाक्याचा. चोपन्नच्या पुरात गेला. आठवडाभर तो टेबलावर झोपायचा आणि शिव्या द्यायचा.”

मी पुढे वाचत गेले. शेवटची ओळ वाचून झाली. त्यांनी चष्मा काढला.

“यातल्या प्रत्येक ठिकाणी तू स्वतः गेलीस?”

“हो.”

“डोळ्यांनी पाहिलंस?”

“हो.”

त्यांनी नोंदवहीतल्या खुणांवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. शेवटच्या खुणेवर बोट थांबलं असं मला वाटलं, पण ते फक्त पान संपलं म्हणून.

“इतकी वर्षं कुणी गेलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “लोक मला समजावत होते. जाऊन बघणारी तू पहिली. आता मला कळलं. तो समुद्रात आहे.”

तेव्हा मी म्हणू शकले असते की यंत्राला मर्यादा असतात, लाइनच्या मध्ये काही राहिलं असेल, माझं गणित चुकलं असेल. यातलं मी काहीच म्हटलं नाही. मला वाटलं, निश्चित उत्तर देणं हीच मोठी गोष्ट. ग्वेनबाईंनी कपाटावरचे कागद काढले आणि टेबलावर, फोटोच्या शेजारी ठेवले. निघताना त्यांनी मला घरच्या चिंचेच्या मुरंब्याची बरणी दिली.

“तुमच्याकडे चिंच खातात ना?”

“खातात.”

“मग खा. पुढच्या वर्षी करायला मी इथे नसेन.”

जीपपाशी मॉरिस आला.

“सगळीकडे गेलीस?”

मी होकारार्थी मान हलवली.

“माझ्या आईचे हात कधी खोटं बोलले नाहीत,” तो म्हणाला, आणि घोड्यांना पाणी दाखवायला गेला.

डार्विनला पोचल्यावर मेल पाहिली. निकाल आला नव्हता. तो पुढे तीन आठवड्यांनी आला. शिष्यवृत्ती मिळाली.

२०१२च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यात एका संस्थेत नोकरीला होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत परदेशी नंबरवरून फोन आला. आधी एका मुलीचा आवाज, “माझे आजोबा बोलणार आहेत.” मग वाऱ्याचा आवाज, आणि मग मॉरिस.

“ते सापडलं,” तो म्हणाला.

मी डबा बंद केला.

नव्या मालकाने गुरांसाठी तळं खणायला काढलं होतं. पंधरा फुटांखाली मशीनचं पातं पोलादाला लागलं. इंजिन, दोन तोफा, सीटमागचा पत्रा. विमान नाकावर पडून त्या काळ्या चिखलात खिळ्यासारखं गेलं होतं, आणि वरून चिखल मिटला होता. हवाई दलाचे लोक आले. हाडं मिळाली. गळ्यातला बिल्ला मिळाला. मॉरिस प्रत्येक वाक्यानंतर थांबत होता, आणि मी नुसतं “हं” म्हणत होते.

“जागा कुठे आहे?” शेवटी मी विचारलं. त्याच्या नातीने अक्षांश-रेखांशाचे आकडे वाचून दाखवले. मी ते कागदी रुमालावर लिहून घेतले. ताडून पाहायची गरज नव्हती, तरी रात्री घरी जाऊन मी जुनी फाइल उघडणार होते, हे मला तेव्हाच माहीत होतं.

“मिस ग्वेनना कळवलं?” मी विचारलं.



“ती म्हातारी बाई ॲडलेडला गेली होती ना,” मॉरिस म्हणाला. “मुलीकडे.”

“हो, पण ग्वेनबाईंना...”

“ती म्हातारी बाई,” तो पुन्हा सावकाश म्हणाला. या माणसाने तिला आयुष्यभर मिस ग्वेन म्हणून हाक मारली होती. आता तो ते नाव घेत नव्हता.

“कधी?” मी विचारलं.

“दुसऱ्या वर्षीच. तिकडे तिला थंडी सोसली नाही. मला फोन करायची. घोड्यांचं विचारायची, चिंचेचं विचारायची. मी म्हणायचो, माझी आई तर म्हणायची तो तिथेच आहे. ती म्हणायची, नाही मॉरिस, त्या मुलीने डोळ्यांनी पाहिलंय.”

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी खिडकी लावून घेतली.

“मॉरिस, मी तिथे गेले नव्हते.”

मी पुढे सांगत गेले.

“तेरा ठिकाणी गेले. त्या एका ठिकाणी नाही. ऊन होतं, आणि मला डार्विनला पोचायचं होतं. ड्रम असेल असं धरून मी खूण केली.”

“तिथे ड्रम नव्हता,” तो म्हणाला.

“हो.”

“तिथे नुसतं गवत होतं.”

“हो. मी गेले असते तर मला काहीच दिसलं नसतं. वर काही नाही आणि यंत्र ओरडतंय, म्हणजे ते खाली आहे. एवढंच बघायचं होतं.”



“हे तिला सांगायला हवं होतं,” मॉरिस म्हणाला. “मला सांगून काय? मला माहीतच होतं तो कुठे आहे.”

“त्यांना कुठे ठेवलंय?”

“तिला तिकडे, ॲडलेडला. त्याला इकडे, सैनिकांच्या दफनभूमीत. पांढरा दगड आहे, वर नाव. चिंच नव्या मालकाने तोडली. त्या दोन जागांचे दगड मी काढून आणलेत. माझ्या घराशी आहेत.” मग तो म्हणाला, “ठेवतो आता. नातीला जायचंय.”

रात्री मी फाइल उघडली. लाइन एकतीस. पृष्ठभागावरचा ड्रम दोन-तीन मीटरांत संपतो. रेघ वर जाते आणि लगेच खाली येते, सुईसारखी. जेवढं खोल, तेवढं टोक रुंद, हे आम्हाला दुसऱ्या सत्रात शिकवतात. हे टोक नऊ मीटर रुंद होतं, एखाद्या टेकडीसारखं. उन्हात चालायचीही गरज नव्हती. जीपच्या सावलीत बसून मी आलेखाकडे नीट पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

शेजारी नोंदवहीची स्कॅन केलेली पानं होती. शेवटच्या ओळीत माझं अक्षर. ‘ड्रम, रिकामा’ एवढ्यावर काम भागलं असतं. ‘गंजलेला’ हा शब्द मी का घातला, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

त्या फाइलमध्ये अंतर काढायला दोन ठिकाणांचे आकडे पुरतात: कीथ सापडला ती जागा आणि ग्वेनबाईंची कबर. पहिल्या ठिकाणाचे माझ्याजवळ कागदी रुमालावर होते. दुसऱ्याचे मी पॉलीनला विचारू शकले असते. मी कागदाची घडी घातली आणि तो मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत टाकला. ती बरणी मी अजून टाकलेली नाही.